'ग्लेशियर फुटला' म्हणजे नक्की काय झालं? हिमनदीची चाल मोजतात कशी, आणि कोकणाचा त्याच्याशी काय संबंध

५ ऑगस्ट २०२५. आमच्या बोर्ली पंचतनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुपारी एक व्हिडिओ येऊन पडला. उत्तराखंडमधलं धराली गाव. डोंगरातून चिखलाचा लोंढा सुटतो आणि बघता बघता चार-चार मजली हॉटेलं गिळतो. समोरच्या डोंगरावरून लोक ओरडतायत, जिवाच्या आकांताने शिट्ट्या वाजवतायत. खाली मेसेजची रांग. एकाने लिहिलं 'ढगफुटी', दुसऱ्याने लिहिलं 'ग्लेशियर फुटला', तिसऱ्याने नुसते हात जोडले.

धराली गंगोत्रीच्या वाटेवर आहे. आमच्या श्रीवर्धन तालुक्यातून दरवर्षी कुणी ना कुणी चारधामला जातंच. त्या भागात महाराष्ट्रातले यात्रेकरू अडकल्याच्या बातम्या येत होत्या, त्यामुळे संध्याकाळपर्यंत फोनाफोनी सुरू होती. रात्री काकांनी मला गाठलं. "अगं, तू बातम्यांचं काम करतेस ना? मग मला सांग. हिमनदी म्हणजे नदी. नदीला पूर येतो. ती फुटेल कशी?"

प्रश्न साधा होता आणि मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे तेच उत्तर, जरा उशिरा दिलेलं.

फुटत नाही, मग होतं काय?

'ग्लेशियर फुटला' ही हेडलाइन आपण सगळ्यांनी ठळकपणे वाचली ती ७ फेब्रुवारी २०२१ ला. चमोली जिल्ह्यात ऋषिगंगा आणि धौलीगंगेला अचानक लोंढा आला, दोन जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त झाले आणि २०४ माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. फेब्रुवारी महिना, पाऊस नाही, मग पाणी आलं कुठून? टीव्हीवर लगेच ठरून गेलं, हिमनदी फुटली.

चार महिन्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात संशोधन आलं, त्यातलं चित्र वेगळं होतं. रोंटी शिखराच्या उतारावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरचा तुकडा सुटला होता. त्यात साधारण ८० टक्के खडक आणि २० टक्के बर्फ. तो सुमारे १,८०० मीटर खाली आला. पडताना झालेल्या घर्षणाने जवळपास सगळा बर्फ वितळला आणि खडक, पाणी, चिखल यांचा लोंढा तयार झाला. थोडक्यात, ती मुळात दरड होती. बर्फाने तिला पाणी पुरवलं.

आणि महत्त्वाचं म्हणजे, ती दरड एका रात्रीत सुटलेली नव्हती. शास्त्रज्ञांनी जुनी उपग्रह चित्रं काढून पाहिली, तर त्या उतारावरची भेग काही वर्षं रुंदावत चाललेली दिसत होती. तुकडा सरकत होता. चित्रं होती, ती बघायला कुणी बसलेलं नव्हतं.

सिक्कीममध्ये ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री जे झालं, ते आणखी वेगळं. तिथे दक्षिण ल्होनाक नावाचं सरोवर आहे. हिमनदी मागे हटली की तिच्या पुढ्यात असं पाणी साचतं. त्या सरोवराच्या काठावरचा गोठलेल्या राडारोड्याचा भलामोठा ढीग, म्हणजे शाळेच्या भूगोलातला 'हिमोढ', पाण्यात कोसळला. सुमारे १ कोटी ४७ लाख घनमीटर. त्याने २० मीटर उंचीची लाट उठली, सरोवराचा बांध गेला आणि जवळपास ५ कोटी घनमीटर पाणी तिस्तेच्या खोऱ्यात उतरलं. चुंगथांगचं १,२०० मेगावॅटचं धरण वाहून गेलं. मृत आणि बेपत्तांचा आकडा शंभराच्या वर गेला. नंतरच्या अभ्यासात दिसलं की तो काठ २०१६ पासून सरकत होता, काही ठिकाणी वर्षाला १५ मीटरपर्यंत.

म्हणजे दोन्हीकडे गोष्ट एकच. कोसळायला काही मिनिटं लागली, पण सरकणं काही वर्षं चालू होतं.

बर्फ वाहतो कसा?

फ्रीजमधला बर्फाचा खडा हातात घ्या. कडक, ठिसूळ. तो वाहेल असं वाटत नाही. पण तोच बर्फ शंभर-दोनशे मीटर जाडीचा झाला की खालच्या थरांवर प्रचंड दाब येतो आणि ते थर काकवीसारखे वागायला लागतात. उताराकडे ओघळतात, अगदी सावकाश. वरचा साधारण ३० मीटरचा थर मात्र ठिसूळच राहतो. खालचा भाग सरकतो, वरचा ताणला जाऊन तडकतो, म्हणून हिमनदीवर त्या खोल भेगा दिसतात.

दुसरा प्रकार घसरण्याचा. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी भेगांतून थेट तळाशी जातं. तिथे पाण्याचा दाब वाढला की अख्खी हिमनदी खडकावरून जरा उचलली जाते आणि घसरते. ओल्या फरशीवर साबण सरकतो तसं. म्हणून बऱ्याच हिमनद्या हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जोरात चालतात.

वेग किती? हिमालयातल्या बहुतेक हिमनद्या वर्षाला काही मीटर ते काही दहा मीटर चालतात. ग्रीनलंडमधल्या याकोबशाव्हन हिमनदीचा वेग २०१२ च्या उन्हाळ्यात दिवसाला सुमारे ४६ मीटर मोजला गेला होता. घड्याळ लावून बसलात तर डोळ्यांनी दिसेल एवढा.

काठी रोवा आणि वाट बघा

ही चाल मोजायची सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे काठी. हिमनदीत एका रेषेत काठ्या रोवायच्या, बाजूच्या न हलणाऱ्या खडकावर खूण करायची आणि वर्षभराने परत येऊन बघायचं. रेष वाकलेली असते. मधल्या काठ्या पुढे गेलेल्या, कडेच्या मागे राहिलेल्या. नदीतही पाणी मध्यभागी जोरात वाहतं आणि काठाशी रेंगाळतं, तसंच.

स्कॉटलंडच्या जेम्स फोर्ब्स यांनी १८४२ मध्ये आल्प्समध्ये अशी मोजणी केली. त्याआधी १८२० मध्ये माँ ब्लाँ शिखराच्या वाटेवर तीन वाटाडे बर्फाच्या भेगेत गाडले गेले होते. फोर्ब्स यांनी हिमनदीचा वेग धरून हिशोब मांडला की साधारण ४० वर्षांनी त्यांचे अवशेष खालच्या टोकाला बाहेर येतील. १८६१ मध्ये ते आले.

आपल्याकडे याच प्रकारची एक गोष्ट आहे, आणि ती अजून संपलेली नाही. ७ फेब्रुवारी १९६८ ला हवाई दलाचं एएन-१२ विमान चंदीगडहून लेहला निघालं. विमानात १०२ जण होते. रोहतांगच्या पलीकडे ते बेपत्ता झालं. ३५ वर्षं काहीच हाती लागलं नाही. २००३ मध्ये गिर्यारोहकांना ढाका हिमनदीवर अवशेष सापडले, आणि मग थोड्या थोड्या वर्षांनी बर्फ एकेक माणूस परत देत गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी, आणखी चार जवानांचे पार्थिव मिळाले. शोधपथकं हिमनदीवर दर काही वर्षांनी परत का जातात, याचं कारण हेच. बर्फ वाहतो, वितळतो आणि पोटातलं हळूहळू वर आणतो.

याच भागात, लाहौल-स्पीतीच्या चंद्रा खोऱ्यात, आज जे मोजमाप चालतं त्यातलं बरंचसं करणारी संस्था आपल्या शेजारी गोव्यात आहे. वास्कोला, अरबी समुद्राच्या कड्यावर. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. अंटार्क्टिकाच्या मोहिमा पाठवणारी संस्था म्हणून तिचं नाव ऐकलेलं असतं. पण २०१३ पासून ती चंद्रा खोऱ्यातल्या सहा हिमनद्यांवर लक्ष ठेवून आहे, आणि २०१६ मध्ये तिने स्पीतीत १३,५०० फुटांवर 'हिमांश' नावाचं संशोधन केंद्र उघडलं. समुद्रकिनाऱ्यावरची माणसं हिमालयात जाऊन बर्फ मोजतात, ही मला फार आवडलेली गोष्ट आहे. आपल्याकडची पद्धत अजूनही तीच, फक्त काठी बांबूची असते. वाफेच्या ड्रिलने बर्फात खोल भोक पाडायचं, बांबू सोडायचा आणि दरवर्षी किती उघडा पडला ते मोजायचं. त्यावरून बर्फ किती गेला ते कळतं. तोच बांबू कुठे सरकला हे जीपीएसने बघितलं की वेगही कळतो. बर्फाची जाडी मोजायला रडार. लहरी वरून खाली सोडायच्या, तळाच्या खडकावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघायचं.

पण हिमालयात हजारो हिमनद्या आहेत आणि बांबू लावायला माणसं मोजकी. तिथे उपग्रह कामाला येतात. एकाच हिमनदीची दोन वेगवेगळ्या दिवसांची चित्रं घ्यायची. पहिल्या चित्रातली एखादी भेग, एखादा दगडांचा पट्टा दुसऱ्या चित्रात किती पुढे गेलाय ते संगणकाने शोधायचं. तत्त्व काठीचंच, पण काठी न रोवता.

याहून बारीक काम रडार उपग्रह करतात. त्यांना ढग आणि अंधार आडवे येत नाहीत, आणि जमिनीचं काही सेंटिमीटरचं सरकणंही ते टिपतात. भारत आणि अमेरिकेचा 'निसार' उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटला. धरालीची घटना घडली त्याच्या अवघ्या सहा दिवस आधी. तो जगातला जवळपास सगळा भूभाग आणि बर्फ दर १२ दिवसांनी पुन्हा बघतो.

वितळणारी हिमनदी जोरात पळते का?

मला आधी वाटायचं, हो. उत्तर जरा उलटसुलट आहे.

२०१९ मध्ये एका अभ्यासात आशियातल्या उंच पर्वतरांगांची दहा लाखांहून जास्त उपग्रह चित्रं जोड्या लावून तपासली. २००० ते २०१७ या काळात बहुतेक भागांतल्या हिमनद्या मंदावल्या होत्या, आणि सर्वाधिक मंदावलेल्यांत आपलं स्पीती-लाहौल होतं. कारण सरळ आहे. हिमनदीला पुढे ढकलतं ते तिचंच वजन. बर्फ पातळ झाला की वजन कमी, चाल कमी. वरून नवा बर्फ खाली पोचत नाही आणि खालचं टोक जागच्या जागी वितळत बसतं. मग तिथे सरोवर साचतं. ल्होनाकसारखं.

ग्रीनलंड-अंटार्क्टिकात मात्र समुद्राला टेकलेल्या हिमनद्या अनेक ठिकाणी वेगाने सुटल्यात. तिथे पुढच्या टोकाचा बर्फ बुचासारखा काम करतो. कोमट समुद्राने ते बूच झिजवलं की मागचा बर्फ मोकळा सुटतो.

चंद्रपूरच्या खडकावरचे ओरखडे

आता हिमनदी जमिनीचं काय करते ते बघू. यासाठी हिमालयात जायची गरज नाही, विदर्भात जाऊ.

चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरई नावाचं गाव आहे. (चंद्रपूरची इरई नदी आणि तिच्यावरचं धरण, ते वेगळं.) १८७० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले एफ. फेडन यांना तिथे चुनखडीचा एक पृष्ठभाग सापडला. गुळगुळीत घासलेला, आणि त्यावर समांतर ओरखडे. त्याच्यावर मातीत रुतलेल्या लहानमोठ्या दगडधोंड्यांचा थर, आणि त्यातल्या काही धोंड्यांवरही तसेच ओरखडे.

उन्हाळ्यात ४७ अंशांना पोचणाऱ्या चंद्रपुरात हिमनदी? फेडन यांच्या काळात हे पचवणं सोपं नव्हतं. ओडिशात तालचीरजवळ असेच धोंड्यांचे थर १८५६ मध्येच सापडले होते आणि ते बर्फाने आणले असावेत असा अंदाज मांडला गेला होता, पण शंका होत्या. इरईच्या खडकाने पुरावा भक्कम केला. नदीचं पाणी दगड गोल करतं आणि आकाराप्रमाणे वेगळे लावतं. जड आधी, हलके नंतर. बर्फ असली निवड करत नाही. तो माती, वाळू आणि धोंडे सगळे एकत्र नेतो आणि वितळला की आहे तिथे टाकतो. शिवाय तळाला रुतलेले दगड तो खालच्या खडकावर घासत नेतो. सुताराचा पॉलिश पेपर जे करतो तेच, फक्त पेपर काही लाख टनांचा. ओरखड्यांच्या रेषेवरून बर्फ कोणत्या दिशेला चालला होता तेही कळतं.

हे सगळं साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा आपला भूभाग दक्षिण ध्रुवाच्या जवळ, आफ्रिका-अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियाला चिकटलेला होता. त्या सगळ्या खंडांवर असेच थर सापडले आणि खंड एकेकाळी जोडलेले होते या कल्पनेला त्यातून मोठा आधार मिळाला. बर्फ गेल्यावर त्याच खोऱ्यांत जंगलं वाढली, गाडली गेली, आणि आज चंद्रपूरच्या खाणींतून निघतो तो कोळसा झाला. कोळशाच्या खाली बर्फाचे थर, त्याखाली चुनखडी, जिच्यावर तिथले सिमेंट कारखाने चालतात. एका जिल्ह्यात केवढं काय काय.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करते, कारण इन्स्टावर तसले रील्स फिरतात. सह्याद्रीच्या दऱ्या हिमनदीने कोरलेल्या नाहीत. आपला काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि त्यावर घाव घातलेत ते पावसाने आणि नद्यांनी. हिमनदी दरीचा तळ रुंद करते, म्हणून ती इंग्रजी 'यू' सारखी दिसते. आपल्या घाटातल्या दऱ्या 'व्ही' सारख्या चिंचोळ्या आहेत.

मग बोर्लीचा काय संबंध?

काकांचा दुसरा प्रश्न. "आपल्याकडे बर्फ फक्त मासळीच्या पेटीत."

पण आमच्या गावाचा नकाशा बर्फानेच ठरवलाय, लांबून. साधारण २० हजार वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं. जगातलं एवढं पाणी उत्तर अमेरिका आणि युरोपवरच्या बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. आपल्याकडचा समुद्रतळ उथळ आणि लांबवर पसरट आहे. म्हणजे तेव्हा दिवेआगरच्या पुळणीवर उभं राहिलं असतं तर समुद्र शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला असता. मधे सगळी जमीन, आणि तिच्यातून वाहत जाणारी सावित्रीसारख्या नद्यांची खोरी.

मग हिमनद्या मागे हटल्या, पाणी समुद्रात परतलं आणि त्या खोऱ्यांत शिरलं. बाणकोटची खाडी, राजपुरीची खाडी म्हणजे या बुडालेल्या दऱ्या. दिघीहून आगरदांड्याला जाणारी फेरीबोट ज्यावरून जाते, ते पाणी हजारो मैलांवरच्या बर्फाच्या वितळण्याने तिथे आलंय.

आज पुन्हा तेच चाललंय, पण घाईत. २००० ते २०२३ या काळात जगभरच्या हिमनद्यांनी, ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचे मोठे बर्फथर वगळून, वर्षाला सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावला. एवढ्याने समुद्र १८ मिलिमीटर चढला. १८ मिलिमीटर म्हणजे बोटाच्या पेराएवढं, असं वाटेल. पण त्यात मोठ्या बर्फथरांचं पाणी आणि तापून फुगलेला समुद्र मिळवला, तर १९९३ पासूनची एकूण वाढ साधारण १० सेंटिमीटर होते.

त्यातही आपल्या वाट्याला एक विचित्र गोष्ट येते. ग्रीनलंडचा बर्फ इतका अवजड आहे की तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचा समुद्र आपल्याकडे ओढून धरतो. बर्फ कमी झाला की ही ओढ सैल होते. त्यामुळे ग्रीनलंडच्या किनाऱ्यालगत समुद्र खाली जातो आणि विषुववृत्ताकडच्या दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा थोडा जास्त चढतो. अंटार्क्टिकाचंही तसंच. आपण दोन्हींपासून लांब आहोत, म्हणून दोन्हीकडचा वाटा आपल्याला जरा जास्त.

काकांना आकडे पटत नव्हते, पण निसर्ग चक्रीवादळ म्हटल्यावर ते गप्प झाले. ३ जून २०२० ला वाडीतल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या होत्या. वादळात समुद्र फुगून आत येतो, आणि मूळ पातळी जेवढी वर असेल तेवढा तो पुढे पोचतो. खारं पाणी एकदा विहिरीत शिरलं की सुपारीला पाच-दहा सेंटिमीटरचा हिशोब सांगून उपयोग नसतो.

मग धरालीत काय झालं होतं?

जवळच्या केंद्रांवर ढगफुटी म्हणावी एवढा पाऊस नोंदला गेला नव्हता. त्यामुळे अनेक शास्त्रज्ञांनी खीरगंगेच्या वरच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे हिमनदीने मागे हटताना सोडलेल्या राडारोड्याचे ढीग आहेत. पाण्याने भिजलेला असा ढीग सुटला की सिमेंटच्या मिक्सरसारखा खाली येतो. इस्रोच्या उपग्रह चित्रांत घटनेनंतर सुमारे २० हेक्टरवर पंख्यासारखा पसरलेला गाळ दिसला.

पंख्यासारखा, हा शब्द मुद्दाम वापरलाय. कारण धराली मुळात ज्यावर वसलेलं होतं, तोही असाच एक पंखा होता. खीरगंगेने याआधी कधीतरी, बहुधा अनेकदा, वरून आणून टाकलेला. डोंगराळ भागात तेवढीच काय ती सपाट जागा मिळते, म्हणून लोक तिथे शेती करतात, घरं बांधतात, आणि यात्रा वाढली की हॉटेलं. हा आकार भूगोल शिकलेल्या कुणालाही ओळखता येतो.

ल्होनाक सरोवर धोक्याचं आहे हे शास्त्रज्ञ २०२३ च्या कितीतरी आधीपासून लिहीत होते. तिथे पाहणीची उपकरणं बसवायला सुरुवात झाली ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. पूर्ण पूर्वसूचना यंत्रणा उभी राहण्याआधी सरोवर फुटलं. 'निसार'ची माहिती सगळ्यांसाठी खुली आहे. म्हणजे एखादा उतार सरकतोय हे यापुढे दर १२ दिवसांनी दिसू शकेल. ते रोज बघायचं काम कुणाचं, आणि दिसल्यावर खालच्या गावात फोन कोण करणार, हे उपग्रह ठरवत नाही. त्यासाठी प्रत्येक खोऱ्यात माणसं नेमावी लागतात, आणि हिमालयातल्या बहुतेक खोऱ्यांत ती आज नाहीत.

काकांना हे सगळं सांगितलं. पुढच्या मे महिन्यात आमच्या वाडीतले काहीजण चारधामला जायचं म्हणतायत. काकांनी त्यांना सांगून टाकलंय, मुक्काम नदीच्या अगदी तोंडाशी धरू नका, स्वस्त पडला तरी.